बाबांसाठी सर्वांत छोटा प्रोग्राम

६ जानेवारी
बाबांना आज घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय आणि आवाज, तिन्ही गेले. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही. ज्या माणसाने उभं आयुष्य भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारले, ज्याचं 'एक वार, दोन वार' फाटकाबाहेर उभ्या ट्रकवाल्यांना ऐकू जायचं, त्याच्या बाबतीत डॉक्टरांचं हे 'फक्त' मला पटलं नाही.

बाहेरच्या खोलीत वरखाली होणारा पलंग भाड्याने आणून टाकला. ताई रजा काढून बॅगेसकट आली आहे. नवरा आणि मुलगी आपलं आपण बघतील म्हणाली. मी म्हटलं, तू उगाच धावपळ केलीस, मी समर्थ होतो. ती पलंगाखालचा केर काढत राहिली.

मीही ऑफिसातून रजा घेतली आहे. मॅनेजर म्हणाले, आजकाल वडिलांसाठी कोण एवढं करतं. खरं आहे.

संकल्प: रोज तासभर बाबांजवळ बसणे. उद्यापासून. आज ते दमलेत. मीही.

९ जानेवारी
मी औषधं आणायला गेलो असताना स्पीच थेरपिस्ट बाई येऊन गेल्या. बाबांच्या डाव्या हाताचं बोट छान चालतं म्हणाल्या म्हणे. अक्षरांचा तक्ता करून द्या, ते बोट ठेवून बोलतील. हे सांगून ताई लगेच जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा शोधायला उठली. तिला थांबवलं. घरात सॉफ्टवेअर इंजिनिअर असताना स्केचपेनने तक्ता रंगवायचा म्हणजे शिंप्याने उसना सदरा घालून हिंडण्यातली गत.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. कॅपिटल ए म्हणजे पासष्ट, बी म्हणजे सहासष्ट. हे नंबर ओळीने घ्यायचे आणि समोर अक्षर छापायचं. किरकोळ काम. संध्याकाळपर्यंत तक्ता भिंतीवर लागेल असं जाहीर करून आतल्या खोलीत आलो.

संध्याकाळी
तक्ता छापला. देखणा. नंबर, अक्षर, नंबर, अक्षर, सगळे रकाने एका रेषेत. ताईने दोन हरकती घेतल्या. एक, पहिलं घर रिकामं राहिलंय. तिला समजावलं की ते रिकामं नाही, तो नंबर बत्तीस, म्हणजे स्पेस. दुसरी, तक्ता इंग्रजीत आहे.

ह्या दुसऱ्या हरकतीत थोडं तथ्य होतं. बाबांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सांगून टाकलं, ही टेस्ट होती.

१० जानेवारी
मराठी अक्षरांचे नंबर २३०४ पासून सुरू होतात. आठ रकाने, सोळा ओळी, घर ना कमी ना जास्त. ज्याने कुणी हे आखलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

छापल्यावर मात्र काने, मात्रा, वेलांट्या एकेकट्या आल्या, ठिपक्यांच्या गोलांना लोंबकळत. काही अक्षरं तर जन्मात पाहिली नव्हती. ताईने विचारलं, हे कोणतं. म्हटलं, मला माहीत नाही, कॉम्प्युटरला माहीत आहे. मग तिने विचारलं, प्रत्येक अक्षराला नंबर कशाला, बाबा काय अक्षरांचा लिलाव करणार आहेत.

बाबांच्या ओठांची डावी बाजू हलली. हसले असावेत. मी नीट पाहिलं नाही. प्रिंटर बंद करायचा होता.

१२ जानेवारी
प्रोग्राम पुन्हा वाचला. दोनशे बारा अक्षरांचा आहे. लाज वाटली. बाबांसाठी करायचं आणि ते असं ढिसाळ?

शोधता शोधता एक वेबसाइट सापडली. तिथे बरोबर हीच स्पर्धा चालू आहे: नंबरांसकट अक्षरांचा तक्ता छापणारा सर्वांत छोटा प्रोग्राम. ज्याला कमीत कमी अक्षरं लागतील तो पहिला. सध्या पहिल्या नंबरावर 'आळशी मुंगी' नावाचा कुणी इसम आहे. एकाहत्तर अक्षरं. मुदत फेब्रुवारी अखेर.

स्पर्धेतला तक्ता इंग्रजी अक्षरांचा आहे, पण त्याने काही बिघडत नाही. एकदा प्रोग्राम जमला की सुरुवातीचा एक नंबर बदलायचा, मराठी तक्ता तयार. म्हणजे स्पर्धेचं काम हे बाबांचंच काम आहे. ताईला हे सांगितलं. तिने विचारलं, तोवर ते काय करतील. मी म्हटलं, तोवर तू तुझा तात्पुरता काढ.

१३ जानेवारी
ताईने तात्पुरता तक्ता काढला. पुठ्ठ्यावर, निळ्या स्केचपेनने. ओळी वाकड्या. 'ण' विसरली होती, तो कडेला कोंबलाय. खालच्या पट्टीत तयार शब्द: पाणी, पंखा, दुखतंय, हो, नाही. तात्पुरत्याच्या मानाने बरा आहे.

माझा दुपारपर्यंत एकशे चाळीसवर आला.

१६ जानेवारी
बाबा बोलायला लागले. ताई मला बोलवायला आली होती, पण मी एका कंसात अडकलो होतो. बाहेर आलो तेव्हा वाक्य संपलं होतं. ताईने सांगितलं, पाणी हवं होतं.

म्हटलं, मग 'पाणी' ह्या तयार शब्दावर बोट ठेवायचं. ती म्हणाली, ठेवत नाहीत. एकेक अक्षर दाखवत म्हणाले, पाणी दे पण मघासारखं गरम नको, आणि तूही पी. तेवढ्या वाक्याला अर्धा कप चहा निवला म्हणे. बाबांना काटकसर कधी जमली नाही. बाजारातही एका फ्लॉवरच्या ढिगावर पाच मिनिटं बोलायचे.

मी असतो तर समजावलं असतं. उद्या समजावीन.

१९ जानेवारी
एकशे अठरा.

ताईला आंघोळीला जायचं होतं. म्हणाली, बाबांजवळ बस. बसलो. संकल्प पाळला ह्याची नोंद करून ठेवतो. लॅपटॉप मांडीवर होता, पण बसणं हे बसणंच. मध्येच पुठ्ठ्यावर बोट घासल्याचा आवाज आला. मला वाटलं सहज फिरवतायत. वर पाहिलं तोवर हात पुन्हा चादरीवर. विचारलं, काही म्हणालात का. बाबांनी डोळे मिटले.

दमले असावेत.

२५ जानेवारी
त्र्याऐंशी. एका दिवसात नऊ अक्षरं उडवली. मुंगीचे पाय लटपटत असतील.

आज थेरपिस्ट बाई आल्या तेव्हा बाहेर हशा पिकला. नंतर कळलं, त्या बाबांना म्हणाल्या होत्या, काका, जिभेचा व्यायाम अजून दोन वेळा. तर बाबांनी बोट फिरवून सांगितलं, बोली वाढवा. त्या म्हणाल्या तीन वेळा. बाबा म्हणाले, तीन वार, सोडला. ताई हसताना रडली म्हणे.

मी आवाजामुळे दार लावून घेतलं होतं. एकाग्रतेचा प्रश्न असतो.

३० जानेवारी
शेजारच्या काकू, जिन्यातले इस्त्रीवाले, ताईची मैत्रीण, सगळे येऊन बाबांशी बोलून जातात. काकूंच्या मुलाच्या परीक्षेची बाबांनी चौकशी केली. इस्त्रीवाल्यांना कांद्याचा भाव विचारला आणि मग तो त्यांना कसा फसवून सांगितला गेला हेही सांगितलं. घराला बाजाराची कळा आली आहे.

ही सगळी तात्पुरत्या तक्त्यावरची करामत. पक्का तक्ता आल्यावर काय होईल ह्याची मी कल्पना करतो आणि कामाला लागतो.

४ फेब्रुवारी
ताईशी थोडं वाजलं. ती म्हणाली, तू बाबांना घाबरतोस.

हे मूर्खपणाचं आहे. बाबांना कशाला घाबरू? त्यांनी मला जन्मात चापट मारली नाही. फक्त त्यांचा एक डोळा जरा खाली ओघळलाय. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येते आणि ती त्यांना कळत नाही. ताई पुसते तेव्हा ते दुसरीकडे बघतात. आणि मी दारात उभा राहिलो की काही बोलायला तोंड उघडतात, सवयीने, आणि आवाज निघत नाही हे त्यांना दर वेळी नव्याने कळतं. ते बघवत नाही इतकंच. ह्याला भीती म्हणत नाहीत. ह्याला हळवेपणा म्हणतात. तो आमच्यात मलाच आहे.

अठ्ठ्याहत्तर.

११ फेब्रुवारी
पहाटे बाबांना दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, छोटा होता. पण बोटही गेलं. आता पापण्या.

ताईने त्यावरही मार्ग काढला. ती स्वतःचं बोट तक्त्यावर वरून खाली नेते. बाबांची ओळ आली की ते पापणी मिटतात. मग त्या ओळीत डावीकडून उजवीकडे. अक्षर आलं की पुन्हा मिटतात.

हे मी दारातून पाहिलं आणि थक्क झालो. आधी ओळी, मग ओळीतली घरं: हे तर अगदी माझ्या प्रोग्रामसारखं चालतं. तिला सांगितलं की तू विनाकारण फेऱ्या वाया घालवतेस. नेहमी लागणारी अक्षरं वरच्या ओळीत घेतलीस तर निम्मा वेळ वाचेल. ती तक्त्यावरचं बोट न उचलता म्हणाली, वेळ कुणाला वाचवायचाय. मग म्हणाली, इतकं समजतं तर ये आणि तू कर.

मुद्दा योग्य आहे. सोमवारपासून सकाळची पाळी माझी.

१६ फेब्रुवारी, सोमवार
घसा खवखवतोय. अशा माणसाने रुग्णाजवळ जाणं बेजबाबदारपणाचं होईल. आत राहिलो.

चौऱ्याहत्तर.

२० फेब्रुवारी
घसा बरा आहे, पण खात्री झालेली बरी.

ताईने आज सलग दुसऱ्यांदा मुलीचा फोन उचलला नाही. बाबांचं वाक्य चालू होतं. तिचे हात भरून आलेत, रात्री खांद्याला तेल चोळत बसते. मी म्हटलं, एक बाई ठेवू या. ती म्हणाली, बाई उचलायला ठेवता येईल, ऐकायला कशी ठेवू.

बाहत्तर. नवीन युक्ती: रकाना सरळ ठेवण्यासाठी आकड्यांची रुंदीच वापरायची. त्यात दोन अक्षरं वाचतील. किंवा तीन.

२४ फेब्रुवारी, दुपार
एकोणसत्तर.

पुन्हा मोजली. एकोणसत्तरच. वेबसाइटवर टाकला. अर्ध्या तासात माझं नाव मुंगीच्या वर. मी. पहिला.

लॅपटॉप घेऊन थेट बाबांच्या खोलीत गेलो. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सांगितलं, बाबा, एवढीशी ओळ, बघा आता. बटण दाबलं आणि सगळा तक्ता धबाधबा पडला. म्हटलं, हा जगात सर्वांत छोटा आहे, आणि तो तुमच्यासाठी आहे.

बाबा स्क्रीनकडे बघत होते की माझ्याकडे, ते त्या डोळ्यावरून नीट कळत नाही. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने पुठ्ठा उचलला. बोट खाली खाली गेलं, पापणी मिटली. ब. पुन्हा वरपासून. शेवटची ओळ. स. मग त्यांनी डोळे मिटूनच घेतले, म्हणजे वाक्य संपलं.

बस.

इतकी मोकळी शाबासकी बाबांनी मला पूर्वी दिल्याचं आठवत नाही. बस. म्हणजे झालं, जिंकलास, ह्याहून छोटं होणं नाही. आणि एरवी पाण्यासाठी पाच वाक्यं खर्च करणाऱ्या माणसाने दोन अक्षरांत सांगितलं. माझ्या कामाचा हा परिणाम म्हणायचा. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि आत येऊन लगेच हे लिहायला बसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ताई आत आली होती. दाराला टेकून म्हणाली, त्यांनी तुला बस म्हटलं. मी म्हटलं, हो, ऐकलं की. ती म्हणाली, खाली बस. खुर्चीवर बस. ते तुला हे महिनाभर सांगतायत. तू दारात दिसलास की तेच सांगतात.

मी म्हटलं, शब्दाचे दोन अर्थ होतात, तू तुझा घेतलास, मी माझा. ती परत बाबांकडे गेली. ती थकली आहे. थकलेल्या माणसाला सगळ्यातून तक्रारच ऐकू येते.

तरी उद्या जाऊन बसणार आहे. मराठी तक्ता छापून हातात घेऊनच जातो, म्हणजे दोन्ही अर्थ पार पडतील.

२५ फेब्रुवारी
सुरुवातीचा नंबर बदलून २३०४ घातला.

तक्ता फुटला. रकाने एकमेकांत घुसले, काने मागच्या आकड्यांना चिकटले, ओळ कुठेही तुटायला लागली. कारण सापडलं. अक्षरं वाचवायला ज्या ज्या युक्त्या केल्या, त्या सगळ्या आकडा तीन अंकांच्या पुढे जाणार नाही ह्या भरवशावर आहेत. मराठी आकडे चार अंकी. म्हणजे जितका छोटा करत गेलो तितका तो मराठीपासून लांब जात होता.

ह्याचा अर्थ एवढाच की दुसरी आवृत्ती करावी लागेल. दोन-तीन दिवसांचं काम. रिकाम्या हाताने जाऊन बसण्यापेक्षा ते बरं.

२८ फेब्रुवारी
दुसरी आवृत्ती सत्त्याण्णव. मुंगीचा निरोप आला, अभिनंदन, तुम्ही जिंकलात. उत्तर सवडीने देईन.

बाबा आज बरेच झोपून होते. ताई म्हणाली, श्वास वेगळा वाटतोय. डॉक्टर सकाळी येणार आहेत.

१ मार्च
बाबा गेले. सकाळी, डॉक्टर यायच्या आधी. ताई जवळ होती.

मी घरातच होतो.

५ मार्च
माणसांची ये-जा. बाजारातले लोक आले होते, मोठमोठ्या आवाजाची माणसं, खोलीत हळू बोलताना अवघडत होती. एकाने सांगितलं, तुमच्या वडिलांनी पुकारलेला माल घेताना फसलो तरी वाईट वाटायचं नाही.

सगळं मीच बघितलं. फोन, कागद, पलंगवाला. कामात कमी पडलो असं कुणाला म्हणता येणार नाही.

८ मार्च
थेरपिस्ट बाई भेटायला आल्या. खूप वेळ ताईचा हात धरून बसल्या. निघताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमची भेट कधी झाली नाही, पण काकांकडून ऐकलं होतं. मी विचारलं, काय.

त्यांनी सांगितलं. जानेवारीत एकदा त्यांनी बाबांना विचारलं होतं, ते आतलं दार नेहमी बंद असतं, तिथे कोण असतं. बाबांनी बोट फिरवून सांगितलं होतं, मुलगा. माझ्यासाठी मोठं काम करतोय. त्याला हाक मारू नका.

बाई म्हणाल्या, एवढं सांगायला त्यांना फार वेळ लागला होता. बाईंनी मध्येच म्हटलंही, समजलं काका, राहू द्या. पण बाबांनी पुरं केलं.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. इस्त्रीवाले काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही.

११ मार्च
ताई गेली. तिच्या मुलीची परीक्षा आहे. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली आहे, कशात काय आहे त्याच्या. पुठ्ठा बरोबर नेला. मी विचारलं, काय करणार त्याचं. ती म्हणाली, माहीत नाही.

रिक्षात बसताना म्हणाली, जेवत जा. आणि मग माझा दंड धरून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, ऐकवेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने दंड सोडला आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

१५ मार्च
उद्यापासून ऑफिस. रजा संपली. मॅनेजरांनी फोनवर पुन्हा तेच म्हटलं, आजकाल कोण एवढं करतं. मी हो म्हटलं आणि ठेवला.

संध्याकाळ
मुंगीचा पुन्हा निरोप. माणूस भला दिसतो. म्हणतो, तुमचा प्रोग्राम रोज वाचतो, इतकं कमी करत जाणं वेड लागल्याशिवाय होत नाही. विचारतो, कशासाठी केलात.

उत्तर लिहायला बसलो. सगळंच लिहिलं गेलं. बाबा, बाजार, पलंग, ताईचा पुठ्ठा, बंद दार, थेरपिस्ट बाई. स्क्रीन भरून गेली. वाचल्यावर वाटलं, अनोळखी माणसाला एवढं कशाला. कमी करायला घेतलं. बाजार काढला. ताई काढली. दार काढलं. मग परिच्छेद गेले, मग वाक्यं गेली. हात बसलाय. शेवटी एक शब्द राहिला: वडिलांसाठी.

त्याच्याकडे बराच वेळ बघत होतो. बाईंना सांगताना बाबांनी हेच सांगितलं होतं, एकेक अक्षर शोधून. त्यांनी सांगितलं तेव्हा ते खरं वाटलं असेल.

तो शब्द पुसला. लिहिलं, सहज. आणि पाठवून दिलं.

अंधार पडलाय. बाहेरच्या खोलीतला दिवा ताई लावायची. उठायला हवं.